एकाच नकाशातली दोन घरं

१६, ब्रुक स्टेप्स, स्लॅकरॉइड
४ मार्च २०१२

लोरेन,

माझ्या डोक्यावरचं घर तू घेतेयस हे वाचून आनंद झाला, असं मी लिहिणार होते. पण तुझ्या पत्राचं दुसरं पान उलटलं आणि आनंद तिथेच संपला. तेव्हा आधी दुसऱ्या पानाचं बोलू.

घर पाहिलंस, भाव ठरवलास, इथवर ठीक. पण कागदपत्रं करायला वकील म्हणून तू अडीचशे मैलांवरची कुठली तरी समुद्रकाठची कंपनी धरलीस. आणि ती तुला सुचवली कोणी, तर घर विकणाऱ्या एजंटने. अगं, सुचवण्याचे त्याला पैसे मिळतात. तो विकणाऱ्याचा माणूस आहे, तुझा नाही, एवढंही तुझ्या लक्षात येत नसेल तर तुझी अक्कल तू नॉटिंगहॅममध्ये कुठे गहाण ठेवलीयस ते तरी कळव.

बॅरक्लफ साहेबांकडे जा. बेकरीच्या वर त्यांचं ऑफिस आहे आणि ते स्वतः असल्याच घरात जन्मले. आपल्या खोऱ्यात सपाट जागा नव्हती, म्हणून डोंगराच्या उतारावर घरावर घर बांधलं. माझं दार खालच्या गल्लीत, वरच्याचं दार मागून टेन्टर रो रस्त्यावर. माझं छत ती त्याची जमीन. दोन घरं, दोन मालक, पण आकाशातून काढलेल्या नकाशात दिसतं एकच. मधल्या तुळया कोणाच्या, कौलं फुटली तर कोणी बदलायची, हे सगळं खरेदीखतात लिहावं लागतं, आणि ते कसं लिहायचं हे इथल्या तीन-चार वकिलांनाच ठाऊक आहे. तुझ्या समुद्रकाठच्या माणसाने जन्मात असं घर पाहिलेलं नसणार.

फोन करू नकोस. फोनवर मला कोणाचंच धड ऐकू येत नाही. लिही, मी भिंग घेऊन वाचते.

मेव्हिस मावशी


नॉटिंगहॅम
९ मार्च

मावशी,

तुझं पत्र ऑफिसला जाताना बसमध्ये वाचलं. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, इतकी मी लाल झाले असेन.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. घटस्फोटात जे हातात आलं त्यातून आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी कोणाला न विचारता केली, तर तुला त्यात माझी अक्कल शोधायची आहे. तुझ्या बॅरक्लफ साहेबांना मी चांगली ओळखते. आई गेली तेव्हा तिचं घर विकायला त्यांनी चौदा महिने लावले. दर शनिवारी मी येऊन ते रिकामं घर झाडत होते. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं आणि साहेबांनी मला काय लिहिलं, तर 'सध्या उत्तराची प्रतीक्षा आहे'. ती प्रतीक्षा मला आता पुन्हा करायची नाही.

माझ्या या वकील कंपनीचं सगळं फोनवर दिसतं. कुठला कागद आला, कुठला राहिला, सगळं. आणि मला घाई आहे, कारण विकणारा पुढे दुसरं घर घेतोय, त्या घराचा मालक तिसरं. मध्ये कोणी एक अडलं की सगळी साखळी तुटते. सौद्याच्या कागदांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कोणालाही हातावर तुरी देऊ शकतो, हे तुलाही माहीत आहे.

खालची शेजारीण म्हणून तुलाही एखादा कागद येईल असं ते म्हणाले. तो आला की सही कर आणि परत पाठव. तीन आठवडे फळांच्या ताटलीखाली ठेवून बसू नकोस. एकदा तरी माझ्या आडवी येऊ नकोस.

लोरेन


१६, ब्रुक स्टेप्स
२ मे

लोरेन,

तुझ्या कंपनीचा कागद सोमवारी आला. मंगळवारी सही केली, पोस्टातल्या ब्रेंडाने साक्षीदार म्हणून केली, मंगळवारीच गेला. म्हणजे फळांच्या ताटलीखाली एक रात्रही राहिला नाही, याची नोंद घे.

काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. अक्षरं मुंगीएवढी, माझ्या भिंगालाही दाद देत नव्हती. डोळ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात आहे. सोबत नकाशा होता, त्यात घराभोवती लाल रेघ. ब्रेंडा म्हणाली, आधी बॅरक्लफ साहेबांना दाखव. मी म्हटलं, माझ्या भाचीने लिहिलंय आडवी येऊ नकोस, तर मी आडवी येणार नाही. मलाही राग येतो, लोरेन. एकदाच तुझं मुकाट्याने ऐकलंय, ते लक्षात ठेव.

मेव्हिस मावशी


१६, ब्रुक स्टेप्स
१७ जुलै

लोरेन,

हे पत्र तुला मी पोस्टाने पाठवतेय. तू माझ्या डोक्यावर राहतेस, आज सकाळी सात वाजता किटली लावायला गेलीस ते मी ऐकलं. तरी वर येऊन तुझ्या दारात उभी राहायची माझी इच्छा नाही.

जमीन नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. ब्रेंडाने ते मला पोस्टाच्या खिडकीपाशी वाचून दाखवलं. एकाच जागेवर चुकून दोन नोंदी झाल्या होत्या, तेव्हा मेव्हिस हॉर्सफॉल यांच्या लेखी संमतीने त्यांच्या नावाची नोंद बंद केली आहे. जागेची मालकी आता फक्त लोरेन क्रॅबट्री यांची. ब्रेंडाने दोनदा वाचलं. मागे रांगेत चार माणसं होती, त्यांनीही ऐकलं.

मे महिन्यात मी सही केली ती या कागदावर. तुझ्या कंपनीने नकाशा वरून पाहिला, एकाच चौकोनात दोन नावं दिसली, आणि त्यांनी ठरवलं की त्यातलं एक चुकीचं आहे. कोणतं चुकीचं ते ठरवायला त्यांना फार विचार करावा लागला नसेल.

जूनमध्ये वर राहायला आलीस तेव्हापासून पाच आठवडे तू रोज संध्याकाळी खाली चहाला येत होतीस. माझा जिंजर केक खात होतीस. कौलांचं काय करू, पायऱ्यांना कठडा लावू का, असं विचारत होतीस. बॅरक्लफ साहेबांकडे तू का गेली नाहीस ते मला आता कळलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, मेव्हिसचं घर कुठे गेलं?

'सही कर आणि परत पाठव' असं लिहिलेलं तुझं पत्र मी त्यांना नेऊन दिलंय. ते आता माझे वकील आहेत. चहाला येऊ नकोस.

मेव्हिस हॉर्सफॉल


९, टेन्टर रो
२१ जुलै

मावशी,

तू दार उघडत नाहीस, मग मीही पोस्टाने. हे पत्र आधी शहरात जाईल, तिथे टपालाची वर्गवारी होईल, मग परत येऊन एक मजला खाली उतरेल. दोन दिवस लागतील. तेवढ्यात तुझा राग शांत होईल अशी माझी अपेक्षा नाही.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते. तुझं पत्र वाचल्यावर मी त्या कंपनीला अकरा वेळा फोन लावला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी माझी जन्मतारीख विचारून सुरुवात. मी सांगितलं, खाली वेगळं घर आहे, त्यात माझी मावशी चव्वेचाळीस वर्षं राहते. तो म्हणाला, नकाशात एकच इमारत दिसतेय. मी म्हटलं, घरावर घर आहे. तो म्हणाला, म्हणजे फ्लॅट का? मी म्हटलं, फ्लॅट नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका, निकाल तुमच्याच बाजूने लागलाय." त्यानंतर मी रस्त्यात उभी राहून काय काय बोलले ते अख्ख्या टेन्टर रोने ऐकलंय, तुझ्याही कानावर येईल.

मग मी बेकरीच्या वर गेले. बॅरक्लफ साहेब उठून उभे राहिले, पण मला बस म्हणाले नाहीत. "मिस क्रॅबट्री, मी तुमच्या मावशींचा वकील आहे. आता मला तुमच्याशी बोलता येणार नाही. तुम्ही स्वतःचा वकील करा, शक्यतो इथला." एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. मावशी, जिना उतरताना मला त्या माणसाचा जितका राग आला तितका त्या चौदा महिन्यांतही आला नव्हता.

तुझं घर मी घेईन असं तुला वाटलंच कसं?

लोरेन


१६, ब्रुक स्टेप्स
३ ऑगस्ट

लोरेन,

वाटलं, कारण तसं झालं. घर मी कुठे ठेवून विसरले नाही.

बॅरक्लफ साहेबांनी एक दस्तऐवज तयार केलाय. तुझी सही, माझी सही आणि तुझ्या बँकेची संमती, तिन्ही मिळाली की दोन्ही घरं पुन्हा वेगवेगळी लिहिली जातील. कागद तुला मिळाला असेल. तुझ्या मेमधल्या कागदावर मी एका दिवसात सही केली होती. बघू, तुला किती दिवस लागतात.

मेव्हिस हॉर्सफॉल


९, टेन्टर रो
३० ऑगस्ट

मावशी,

सत्तावीस दिवस झाले हे मलाही मोजता येतं. रोज बाहेर निघताना तो लिफाफा दारापाशी दिसतो.

आधी एक सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. मला काहीच माहीत नव्हतं असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. काल मी फोनमधले जुने संदेश पाहिले. एप्रिलमध्ये एक आला होता: 'आपल्या मालमत्तेवर दुसरी नोंद आढळली आहे. ती हटवण्याची कार्यवाही करावी का?' खाली दोन बटणं. मी जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाता खाता 'हो' दाबलं. ती दुसरी नोंद म्हणजे तू, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पण मी विचारलंही नाही. घाई होती.

आता बँकेचं. मी विचारून आले. त्यांनी कर्ज दिलंय ते त्यांच्या मते अख्ख्या इमारतीवर. त्यातलं अर्धं सोडायचं तर ते पुन्हा मोजणी करणार, पुन्हा किंमत काढणार, आणि पटलं नाही तर कर्जच परत मागू शकतात. तसं झालं तर माझं घर जाईल, मावशी. आत्ता कुठे मी पडदे शिवलेत.

म्हणून मी विचार केला. तू खाली राहतेस, मी वर. तुला कोणी बाहेर काढणार नाहीये. भाडं मागणार नाहीये. तू शंभर वर्षं राहा. कागदावर कोणाचं नाव आहे त्याने आपल्या दोघींना असा काय फरक पडतो? मी तुझीच आहे ना? हे प्रकरण आपण इथेच सोडून देऊ. मला तुझ्याशी भांडायचा कंटाळा आलाय. खाली येऊ का?

लोरेन


१६, ब्रुक स्टेप्स
११ ऑक्टोबर

लोरेन,

डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर नव्या डोळ्याने मी पहिल्यांदा वाचलं ते तुझं ऑगस्टचं पत्र. ब्रेंडाने ते मला वाचून दाखवलं होतं, पण मला वाटलं तिने काहीतरी चुकीचं वाचलं. नाही, तिने बरोबर वाचलं होतं.

काय फरक पडतो, विचारतेस. सांगते. यातलं सगळं तुझ्या आईलाही माहीत नव्हतं.

१९६८ साली मी एकतीस वर्षांची होते. शिवणकारखान्यात पंधरा वर्षं जाड पँटी शिवत होते, बाजूला टाकलेले पैसे होते आणि हे घर विकायला होतं. कर्ज मागायला मी तीन ठिकाणी गेले. तिन्ही ठिकाणी माझा पगार बघायच्याही आधी एकच प्रश्न, सही कोण करणार, नवरा की वडील? नवरा नव्हता. वडील होते. म्हणजे तुझे आजोबा, ज्यांचा फोटो तू वर भिंतीवर लावलायस. मी त्यांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "बाईला एकटीला घर कशाला लागतं?" आणि पान उलटलं. तुझी आई चहा ओतत होती, तिने ऐकलं, आणि ती ओततच राहिली.

मी कारखान्यातून सुट्टी घेऊन बेकरीच्या वर गेले. तेव्हा तिथे आत्ताच्या बॅरक्लफ साहेबांचे वडील बसायचे. त्यांनी मला नवरा विचारला नाही. त्यांनी घराच्या म्हाताऱ्या मालकाला बोलावून घेतलं आणि कर्ज नकोच, ही बाई तुला आठ वर्षं हप्त्याने देईल असं ठरवून दिलं. दोन घरांमधल्या तुळयांवर त्यांनी एक अख्खं पान लिहिलं. मग खरेदीखत आलं. त्यात लिहिलं होतं, 'मेव्हिस हॉर्सफॉल, अविवाहित'. त्या काळी बाईच्या नावापुढे तसं लिहीत, जसा तो तिचा कामधंदाच असावा. मला त्याचाही राग आला नाही. माझ्याबद्दलचा तो पहिला कागद होता ज्यावर माझ्या वतीने कुठल्याही पुरुषाची सही नव्हती.

तू त्यावर सँडविच खाता खाता बटण दाबलंस. ठीक आहे, ती चूक होती. मूर्खपणा होता, पण चूक होती. ती मी पचवली असती. पण आता तुला सगळं माहीत आहे, आणि तू मला सांगतेस, राहा, तुला कोणी काढणार नाही. माझ्या घरात मला राहू देणारी तू कोण? कोणाच्या तरी उपकारावर राहायचं असतं तर मी एकतिसाव्या वर्षी वडिलांच्याच घरी राहिले असते. तिथेही मला कोणी काढत नव्हतं.

तुझं घर जाईल याची तुला भीती वाटते. माझं गेलंय. सही कर.

मेव्हिस हॉर्सफॉल


बॅरक्लफ आणि मुलगा, वकील
बाजार चौक, स्लॅकरॉइड
१२ नोव्हेंबर

सन्माननीय मिस क्रॅबट्री,

आपल्या मावशी मेव्हिस हॉर्सफॉल यांचं शुक्रवार, १२ ऑक्टोबर रोजी निधन झालं, त्याबद्दल या कार्यालयातर्फे आणि माझ्यातर्फे शोक व्यक्त करतो. माझ्या वडिलांच्या काळापासून त्या आमच्या अशील होत्या.

त्यांच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्याकडे आहे, म्हणून मला आता आपल्याशी बोलता येतं. १९९९ च्या मृत्युपत्रानुसार खालचं घर त्यांनी आपल्याला दिलं आहे. आपल्याला माहीत असावं म्हणून सांगतो, ते बदलण्यासाठी त्या जुलैमध्ये आल्या होत्या. मी नवा मसुदा तयार केला. त्या सहीला आल्या नाहीत. मी दोनदा आठवण केली, तेव्हा 'सध्या वेळ नाही' असा निरोप आला.

आता त्या दुरुस्तीच्या दस्तऐवजाबद्दल. घर आजही आपल्याच नावावर आहे, आणि मृत्युपत्राप्रमाणेही ते आपल्याकडेच येणार. त्यामुळे नोंद दुरुस्त करून, मग वारसाहक्काने पुन्हा आपल्या नावावर करून घेण्यात अर्थ उरलेला नाही. बँकेची संमती मिळवणं कठीण आहे, त्यात आपल्याला धोकाही आहे. नोंद आहे तशीच राहू द्यावी असा माझा सल्ला आहे. व्यवहारात काहीच फरक पडत नाही.

आपला विश्वासू,
डेरिक बॅरक्लफ


९, टेन्टर रो
१५ नोव्हेंबर

बॅरक्लफ साहेब,

काय फरक पडतो, हे वाक्य ऑगस्टमध्ये मी तिला लिहिलं होतं. तेच तुम्ही मला तुमच्या छापील कागदावर लिहून पाठवलंत. तुमच्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं. तिने सात महिने माझ्यामागे तुमच्याच नावाचा धोशा लावला होता.

त्या शुक्रवारी सकाळी खालून किटलीचा आवाज आला नाही. नऊपर्यंत मी वाट पाहिली, कारण ती माझ्यावर रागावलेली होती आणि मी अभिमानाने वर बसले होते. मग पायऱ्या उतरून गेले. ब्रेंडाकडे किल्ली होती. मावशी खुर्चीत होती, अंगावर कोट होता. गुरुवारी संध्याकाळी पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आली होती, एवढं ब्रेंडाला माहीत होतं. कोणाला पत्र टाकलं ते मला सोमवारी कळलं. सोमवारी ते माझ्या दारात पडलं. तिची शवपेटी निवडून मी नुकती परत आले होते.

ते पत्र मी तुम्हाला दाखवणार नाही. त्यात तिने मला एका शब्दानेही माफ केलेलं नाही. शेवटचे दोन शब्द आहेत, 'सही कर'.

मी केली आहे. सोबत पाठवते आहे. पलीकडच्या खोऱ्यातल्या मिसेस ओल्डरॉइड आता माझ्या वकील आहेत. त्यांना घरावरचं घर समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच तुळयांचं विचारलं. त्यांनी बँकेला पत्र घातलंय. बँक आडवी आली तर मी वरचं घर विकून कर्ज फेडेन, तेही त्यात लिहायला सांगितलंय. मृत्युपत्राने मला सगळं मिळणारच आहे, धोका कशाला घेता, असं त्याही म्हणाल्या. त्यांच्यावरही मी चिडले. त्यांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. तुम्हीही तेवढंच करावं अशी माझी विनंती आहे.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या बाईच्या नावावर घर करून काय उपयोग. उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरीही ते आधी तिचं होतं असं लिहा. मेव्हिस हॉर्सफॉल, मालक. पूर्ण नाव, तारखेसकट. ते सरकारी कागदावर परत आलं की मग खाली लिहा की ती गेली. आणि त्यानंतर, तिच्या मृत्युपत्राने, तिच्या इच्छेने ते मला द्या. मला ते घर तिच्याकडून मिळालेलं हवं आहे.

लोरेन क्रॅबट्री